ॲटली सरकारपुढील युद्धोत्तर अडचणी

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या मजूर पक्षीय सरकारला (१९४५–५१) भेडसावणाऱ्या आर्थिक व प्रशासकीय समस्या.

उगम : क्लेमंट ॲटली जुलै १९४५ मध्ये पंतप्रधान झाले. जपान शरण येताच, ऑगस्टमध्ये, अमेरिकेने ‘लेंड-लीज’ ही युद्धकालीन मदत तडकाफडकी थांबवली. केन्स यांनी (पहा : केन्स, जॉन मेनार्ड) वॉशिंग्टनमध्ये वाटाघाटी करून ३७५ कोटी डॉलरचे कर्ज २ टक्के व्याजाने मिळवले. त्याची परतफेड २००६ पर्यंत चालली. अट मात्र जाचक होती : १५ जुलै १९४७ पासून पौंडाच्या बदल्यात डॉलर देणे सुरू झाले आणि गंगाजळी इतक्या वेगाने आटली की २० ऑगस्टला ही सोय गुंडाळावी लागली.

स्वरूप : ऐन युद्धातही पावावर रेशन नव्हते; ते जुलै १९४६ मध्ये आले, दोन वर्षे राहिले. १९४७ च्या कडक हिवाळ्यात कोळशाअभावी कारखाने बंद पडले, घरांची वीज दिवसा काही तास तोडली गेली. खाणींचे राष्ट्रीयीकरण त्याच जानेवारीतले. ५ जुलै १९४८ रोजी मोफत आरोग्यसेवा सुरू झाली (पहा : राष्ट्रीय आरोग्यसेवा). पुढे कोरियन युद्धामुळे शस्त्रखर्च वाढला, तेव्हा चष्मे व कवळ्यांवर शुल्क बसले आणि त्याच्या निषेधार्थ मंत्री ॲन्युरिन बेव्हन यांनी एप्रिल १९५१ मध्ये राजीनामा दिला.

महत्त्व : कर्जबाजारी ब्रिटन भारताचेही देणे लागत होता (पहा : स्टर्लिंग शिल्लक). सप्टेंबर १९४९ मध्ये पौंड ४.०३ वरून २.८० डॉलरवर उतरवला गेला. पाठोपाठ भारताने रुपयाचेही अवमूल्यन केले, पाकिस्तानने केले नाही.