‘काय’ या शब्दाचा अधिकार : घरगुती प्रश्न आणि १८९७ चा ‘केसरी’

उत्तराची अपेक्षा नसलेले प्रश्न मराठी माणसाच्या नित्य संभाषणात पदोपदी आढळतात. ‘किती वेळा सांगायचे?’, ‘तुला काही कळते का?’, ‘हे काय वय आहे?’ असे प्रश्न विचारणारास कोणतीही माहिती नको असते. वाक्याचे रूप प्रश्नाचे असते. आशय मात्र विधानाचा, बहुधा निषेधाचा असतो. होकारार्थी प्रश्नातून नकार सूचित होतो आणि नकारार्थी प्रश्नातून होकार. ‘मी सांगितले नव्हते?’ याचा अर्थ ‘सांगितले होते’ असाच होय.

संस्कृत साहित्यशास्त्राने या प्रकाराची दखल ‘काकु’ या संज्ञेखाली घेतली. काकु म्हणजे अभिप्राय सुचविणारा स्वरविकार. रुद्रटाने काकुवक्रोक्ती हा शब्दालंकार मानला. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त त्यास हरकत घेतली; काकु हा पठनाचा धर्म आहे, त्यास अलंकार कसे म्हणावे, असा त्याचा आक्षेप होता. हा वाद केवळ शास्त्रीय नाही. जो अर्थ स्वरावर अवलंबून आहे, तो छापील कागदावर उतरला असता त्याचे काय होते, हा प्रश्न त्यात अंतर्भूत आहे. मराठी वृत्तपत्रसृष्टीच्या इतिहासात या प्रश्नाचे एक ठळक उदाहरण सापडते.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत ग्रंथिक संनिपाताची, म्हणजे प्लेगची साथ उघडकीस आली व लवकरच ती पुण्यास पोहोचली. १८९७ च्या फेब्रुवारीत साथींच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. पुण्यातील प्लेग समितीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांनी घरझडतीच्या कामी गोरे सैनिक योजिले. त्यांच्या वर्तनाने शहरात तीव्र असंतोष पसरला. २२ जून १८९७ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, गणेशखिंड रस्त्यावर रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. आयर्स्ट तत्काळ मरण पावले. रँड ३ जुलैस. सरकारने पुण्यावर जादा पोलीस बसविले व त्यांचा खर्च नागरिकांवर लादला. अशा वेळी, ६ जुलैस, लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’त ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा अग्रलेख प्रसिद्ध झाला.

या शीर्षकाची घडण पाहण्यासारखी आहे. ‘डोके ठिकाणावर आहे का?’ हा प्रश्न ओसरीवरचा व माजघरातला. तो वडील मुलास विचारतात, मालक गड्यास विचारतो. मुलाने तो वडिलांस विचारला तर तो उद्धटपणा ठरतो. म्हणजे या प्रश्नास उतरंड आहे. तो वरून खाली जातो. ‘केसरी’ने तो खालून वर नेला. सत्ताधारी धाकट्याच्या जागी बसला आणि वाचणारा प्रजाजन वडीलधाऱ्याच्या जागी. लेखातील युक्तिवाद वाचण्यापूर्वीच शीर्षकाने हे स्थानांतर घडवून आणले होते.

दुसरी गोष्ट ‘काय’ या शब्दाच्या जागेची. ‘सरकारचे काय डोके ठिकाणावर आहे?’ असे लिहिले असते तर तो उघड नकार ठरला असता. ‘काय’ वाक्याच्या शेवटी येताच वाक्य रूपाने साधी, किंबहुना औपचारिक पृच्छा राहते. उपरोध वाचकाच्या कानात असतो, कागदावर नसतो. त्यानंतरच्या आठवड्यात, १३ जुलैस, ‘राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे’ हा अग्रलेख आला. तेथे प्रश्न नाही, स्पष्ट विधान आहे. आधी पृच्छा, मग सिद्धांत असा हा क्रम दिसतो.

२७ जुलैस टिळकांस अटक झाली. येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. राजद्रोहाचा आरोप या गाजलेल्या अग्रलेखावर नव्हता. तो १५ जूनच्या अंकातील मजकुरावर, म्हणजे शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली कविता व शिवोत्सवाचा वृत्तांत यांवर होता. त्या वृत्तांतात अफझलखानाचा वध योग्य की अयोग्य हा प्रश्न उपस्थित करून त्याचे उत्तरही दिलेले होते. न्या. स्ट्रेची यांच्यापुढे सप्टेंबरात खटला चालला; नऊ ज्यूरर्सपैकी सहांनी दोषी ठरविले आणि अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

अशा खटल्यांत मराठी मजकूर न्यायासनापुढे इंग्रजी भाषांतराच्या रूपाने येई. १९०८ च्या खटल्यात टिळकांनी भाषांतरातील दोषांवर दीर्घ वाद घातला, तो याच कारणाने. शब्दाचा प्रतिशब्द देता येतो. पण घरातील वडिलकीचा स्वर, ‘काय’च्या जागेने पडणारा फरक, यांस प्रतिशब्द नसतो. राजशेखराने पठनधर्म म्हणून बाजूस सारलेल्या गोष्टीवर येथे मनुष्याच्या स्वातंत्र्याचा भार पडू शकत होता.

राजकीय भाषेचा इतिहास लिहिताना ठराव, भाषणे व जाहीरनामे तपासले जातात. त्यांच्या जोडीला ओसरीवरील भाषाही तपासली पाहिजे. १८९७ च्या त्या शीर्षकात नवा शब्द एकही नव्हता. नवा होता तो केवळ विचारणाऱ्याचा अधिकार.