गरीच्या काठीची पेटी

भंडाऱ्यातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर गरी टाकून बसलेल्या ढिवराच्या काठीला कसली पेटी? बांबू रानातला, मोडला तर दुसरा तोडायचा. पेटी लागते ती काठी घेऊन दूर जाणाऱ्याला, आणि तिचं कूळ शोधायला भंडाऱ्याहून बरंच लांब जावं लागतं.

1496 मध्ये इंग्लंडात विंकिन द वर्ड या मुद्रकानं गळाच्या मासेमारीवरचा छोटा ग्रंथ छापला. त्यात काठीची कृती आहे. हेझल किंवा विलोचा, दंडाएवढा जाड, दीड वाव लांब दांडा हिवाळ्यात तोडायचा, भट्टीत शेकून सरळ करायचा, महिनाभर वाळवायचा. मग तापल्या तारेनं गाभ्यातून भोक पाडायचं आणि जाड सळीनं ते रुंदावत न्यायचं. शेंड्याकडचा बारीक भाग या पोकळीत सरकवला, दांड्याच्या टोकांना लोखंडी कडी बसवली की हातात दिसते नुसती चालायची काठी. कुठं निघालात ते कुणाला कळत नाही. पहिली पेटी अशी काठीच्याच पोटात होती. या कुळकथेतली मला सर्वांत देखणी वाटते ती हीच युक्ती.

पुढं काठीची जात बदलली. 1840 च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टनचा बंदूक-कारागीर सॅम्युअल फिलिपी बांबूच्या कामट्या चिकटवून काठ्या करू लागला. नंतर सहा तिकोनी कामट्यांची रीत रुळली. त्यासाठी 'कलकत्ता' बांबू आपल्याकडून जहाजानं जायचा. तो मानवेल मानला जातो, आणि मानवेल तर भंडाऱ्याच्या जंगलातला आपला रोजचा बांबू! कामट्यांच्या काठीच्या पोटात काही ठेवायला जागा नव्हती. शिवाय ओल लागली की सरस सुटे, दाबून ठेवली की ती वाकडी होई. म्हणून तिला कापडी पिशवी आली, पिशवीवर धातूची नळी आली. अ‍ॅल्युमिनियम स्वस्त झाल्यावर तीच नळी हलकी झाली.

1973 मध्ये अमेरिकेतल्या फेनविक कंपनीनं कार्बनची काठी बाजारात आणली. ही चांगली वाकते, पण बाजूनं बसलेला घाव सोसत नाही. विमानात सामान एकावर एक रचलं जातं, तेव्हा घाव बाजूनंच बसतो.

नागपूरहून उडणाऱ्या भंडारेकराला महागड्या पेटीची गरज नाही. नळाच्या दुकानातला पीव्हीसी पाइप पुरतो. एका तोंडाला टोपण कायमचं चिकटवायचं, दुसऱ्याला आट्यांचं झाकण लावायचं, म्हणजे तपासणीवाल्यांना ते उघडता येतं. मात्र मोजमाप घरीच करावं. लांबी, रुंदी, उंची मिळून 158 सेंटिमीटर ही बऱ्याच कंपन्यांची मर्यादा असते. नऊ फुटी काठीचा अर्धा तुकडा 137 सेंटिमीटर. फोमसाठी पाच वाढवले आणि 11 सेंटिमीटर जाडीचा पाइप घेतला की बेरीज 164 होते. साडेसात सेंटिमीटरच्या पाइपात ती 157 वर येते, पण टोपणांची जाडी धरली की तीही हुकते. चार तुकड्यांची काठी असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

शेंडा जाड तुकड्याला मऊ कापडानं बांधावा आणि दोन्ही टोकांना फोम ठासावा. मग नळी कानाशी धरून हलवावी. आत खडखड झाली तर पुन्हा उघडून भरावी, कारण पाइप कितीही टणक असला तरी आत हिंदकळणारा शेंडा मोडतोच. गळ आणि रीळ वेगळ्या डब्यात, आणि नाव-फोन पाइपावरच पक्क्या शाईनं.