सर्पगंधेचे मूळ आणि हृदयाचा ताल

सर्पगंधा ही वनस्पती भारतीय वैद्यांना फार पूर्वीपासून परिचित होती. आधुनिक विज्ञानाच्या दरबारात मात्र तिचा खरा प्रवेश झाला तो १९३१ साली, आणि तोही कोलकात्याच्या द्वारे. त्या वर्षी तेथील कविराज गणनाथ सेन व डॉ. कार्तिकचंद्र बसू यांनी उन्माद आणि वाढलेला रक्तदाब यांवर या मुळाचा गुण येतो, असे लिहिले. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमां सिद्दिकी व त्यांचे सहकारी यांनी त्याच मुळातून निरनिराळी अल्कलॉइडे वेगळी केली. त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला तो १९२४ साली कोलकात्यात स्थापन झालेल्या इंडियन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात. त्यांतील एका द्रव्याला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ हे नाव देण्यात आले.

पुढे कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा यांनी सर्पगंधेची कसून परीक्षा केली. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली आपला रक्तदाबावरील अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडला, आणि १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये रेसर्पीन हाती आले. साऱ्या जगाचे लक्ष रेसर्पीनने वेधून घेतले. अजमलीन मात्र मागे राहिले. हृदयाच्या स्नायूंतून वाहणारा विद्युत्प्रवाह मंदावणे, हा त्याचा गुण. त्याचे मोल कळण्यासाठी आधी एक रोग ओळखला जाणे आवश्यक होते.

तो रोग १९९२ साली पेद्रो व जोसेप ब्रुगाडा या बंधूंनी आठ रुग्णांच्या आधारे वर्णिला. हृदय वरकरणी निरोगी. परंतु विद्युत्-आलेखात एक विशिष्ट उंचवटा, आणि कित्येकदा झोपेतच अकस्मात मृत्यू. हा दोष पुष्कळदा आनुवंशिक असतो. घरातील एक तरुण गेला की भावंडांचे काय, हा प्रश्न उभा राहतो. कारण त्यांचा आलेख निर्दोष दिसला तरी दोष आत दडलेला असू शकतो. अशा वेळी डॉक्टरांच्या सावध देखरेखीखाली शिरेतून अजमलीन दिले असता लपलेला उंचवटा प्रकट होतो.

२०११ साली बँकॉकमध्ये डॉ. कूनलावी नादेमनी यांच्या पथकाने नऊ रुग्णांवर नवा उपाय केला. कॅथेटर नावाची बारीक नळी उजव्या जवनिकेच्या बाह्य पृष्ठभागावर नेऊन तेथील सदोष भाग उष्णतेने निकामी करण्यात आला. बहुतेकांचा आलेख पूर्ववत झाला. त्यानंतर इटलीत डॉ. कार्लो पाप्पोने यांच्या पथकाने १३५ रुग्णांच्या उपचारात अजमलीनचाच आधार घेतला. सदोष भागाची खरी व्याप्ती या द्रव्याने उघड होते. आणि उपचारानंतर ते पुन्हा देऊनही उंचवटा उमटला नाही, तरच काम पुरे झाले असे मानता येते.

तरीही सुधारलेला आलेख म्हणजे अभयदान नव्हे. रक्तातून आलेला दोष उपचाराने पुसला जात नाही. तो पुढच्या पिढीत उतरू शकतो. म्हणून हृदयाला सावरणारे विद्युत्-यंत्र अनेकांच्या छातीत कायम ठेवावे लागते, आणि आप्तांचीही तपासणी करावी लागते.

१९३१ च्या संशोधकांना यांतील काहीच ठाऊक असणे शक्य नव्हते. त्यांनी मुळातील प्रत्येक द्रव्य निगुतीने वेगळे केले, त्याची नोंद केली आणि ती छापून ठेवली. सहा दशकांनी आलेल्या प्रश्नाला उत्तर मिळाले, ते त्या नोंदीमुळे.