त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचे राजकीय लेखन



इतिहासाच्या तासाला गोवामुक्तीचा धडा चालू असता एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, नाव पोर्तुगीज आणि लढा पोर्तुगिजांशी, हे कसे?” प्रश्न त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांच्याविषयी होता, परंतु विचारणाऱ्याच्या नावाला तो जितका लागू होता, तितकाच माझ्याही नावाला होता. आम्हा मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांत अशी नावे पिढ्यानपिढ्या चालत आली आहेत. त्या दिवशी मी काहीतरी उत्तर दिले. पण ते माझे मलाच अपुरे वाटले. म्हणून घरी जाऊन कुन्हा यांचे राजकीय लेख पुन्हा काढले. त्या वाचनाविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

कुन्हा यांचा जन्म २ एप्रिल १८९१ रोजी सासष्टीतील चांदोर गावी झाला. पणजी व पाँडिचेरी येथे शिक्षण घेऊन ते पॅरिसला गेले आणि विद्युत अभियंता झाले. तेथे रोमां रोलां यांच्यासारख्या विचारवंतांशी त्यांचा परिचय झाला आणि फ्रेंच नियतकालिकांतून ते हिंदी स्वातंत्र्यलढ्याची बाजू मांडू लागले. परदेशात सुखाने राहता आले असते. तथापि १९२६ साली ते गोव्यास परतले आणि दोनच वर्षांनी, १९२८ साली, त्यांनी गोवा काँग्रेस समिती स्थापन केली.

तो काळ लेखणीला अनुकूल नव्हता. १९२६ साली पोर्तुगालमध्ये लष्कराने सत्ता घेतली होती आणि पुढे सालाझार यांची राजवट दृढ झाली. १९३० च्या वसाहत कायद्याने तर परमुलूख ताब्यात ठेवणे व तेथील लोकांना सुधारणे हे पोर्तुगीज राष्ट्राचे अंगभूत कार्यच ठरवून टाकले. कुन्हा यांचे मेहुणे लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी त्याच वर्षी जुलै महिन्यात गोव्याच्या विधिमंडळात या कायद्याचा निषेध करून स्वयंनिर्णयाचा हक्क मागितला. परंतु वृत्तपत्रे नियंत्रकाच्या तांबड्या पेन्सिलीखालून जात होती. जे गोव्यात छापणे अशक्य, ते मुंबईस छापावयाचे, असा मार्ग राहिला. परकीय सत्तेच्या चारशे वर्षांचा हिशेब मांडणारी पुस्तिका, आसामच्या चहामळ्यांवर नेल्या जाणाऱ्या कुणबी मजुरांच्या हालांविषयीचे लिखाण, अशी कुन्हा यांची लेखणी चालू राहिली.

या सर्व लेखनात १९४४ सालची एक छोटी पुस्तिका मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तिचा विषय गोमंतकीयांचे अराष्ट्रीयीकरण हा आहे. बहुतेक राजकीय लेखक परक्या सत्तेचे दोष दाखवून थांबतात. कुन्हा यांनी आपल्याच समाजापुढे आरसा धरला. १५१० पासून चाललेल्या सत्तेने जमीन व कर घेतले हे खरे, परंतु माणसाला स्वतःच्या भाषेची, पूर्वजांची आणि शेजाऱ्याची लाज वाटू लागणे ही हानी त्याहून मोठी, असे त्यांचे प्रतिपादन आहे. इतिहासात त्याला आधारही भरपूर आहे. १५६० ते १८१२ या काळात, मधली थोडी वर्षे सोडता, गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन होते. १६८४ साली कोकणीचा वापर सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावे, असे फर्मान निघाले. शिकलेला गोमंतकीय लिस्बनकडे पाहू लागला, गरीब गोमंतकीय पोटासाठी मुंबईच्या बोटीत बसला, आणि गाव दोघांनाही दुरावले.

ही पुस्तिका वाचताना माझ्यासारख्या ख्रिस्ती वाचकाला मध्येच थांबावे लागते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. धर्मसंस्था आणि परकीय सत्ता यांच्या युतीवर कुन्हा कठोर शब्दांत प्रहार करतात. पहिल्या वाचनी मला वाटले की, हा घाव आमच्या श्रद्धेवरच आहे. पुन्हा वाचले तेव्हा निराळेच दिसले. माझी आजी मराठीतच प्रार्थना म्हणे आणि ओव्याही गाई. तिला कोणी अराष्ट्रीय म्हणू शकले नसते. सत्ताधाऱ्याने धर्माचा उपयोग माणसे तोडण्यासाठी करावा, हा कुन्हा यांच्या रोषाचा विषय आहे. त्यांचे काही निष्कर्ष मला आजही सरसकट वाटतात. मात्र जो प्रश्न त्यांनी विचारला, तो टाळून पुढे जाता येत नाही.

त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली. १८ जून १९४६ रोजी मडगावी डॉ. राममनोहर लोहिया यांच्या सभेने सविनय कायदेभंगास तोंड फुटले. जुलैमध्ये कुन्हा यांना अटक झाली. आग्वादच्या किल्ल्यातील अंधाऱ्या, ओलसर कोठडीत त्यांना ठेवले आणि लष्करी न्यायासनापुढे उभे केले. गोव्यात अशा न्यायासनापुढे आलेले ते पहिले नागरिक. शिक्षा आठ वर्षांची झाली आणि रवानगी पोर्तुगालमधील पेनिश येथील किल्ल्यात. त्याच तुरुंगात सालाझारचे पोर्तुगीज विरोधकही खितपत होते. एकाच जुलमाखाली दोन देशांची माणसे दबली होती, याची याहून स्पष्ट साक्ष कोणती? आज त्या किल्ल्यात त्या लढ्याचे राष्ट्रीय संग्रहालय आहे.

१९५० साली कुन्हा सुटले, तरी देश सोडण्याची मुभा नव्हती. १९५३ साली ते निसटून फ्रान्समार्गे मुंबईस आले आणि ‘फ्री गोवा’ हे पत्र चालवू लागले. मध्यंतरी, १९५१ साली, लिस्बनने वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नवे नाव दिले होते. नाव बदलले की वसाहत उरत नाही, हा युक्तिवाद खोडून काढणे हे त्या पत्राचे मोठे काम होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने हे प्रदेश स्वशासित नाहीत असा निर्वाळा डिसेंबर १९६० मध्ये दिला. तो ऐकावयास कुन्हा राहिले नव्हते. २६ सप्टेंबर १९५८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले होते. त्यांच्या स्मारक समितीने निवडक लेखांचा ग्रंथ १९६१ साली प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहते. आपल्या माणसांची भाषा हिरावली गेली, हे सांगण्यासाठी कुन्हा यांना फ्रेंच, पोर्तुगीज आणि इंग्रजीचाच आधार घ्यावा लागला. ज्या शेतकऱ्याची आणि मजुराची बाजू त्यांनी मांडली, त्याला ती वाचता येत नव्हती. हा त्यांचा दोष म्हणावयाचा की त्यांच्याच सिद्धान्ताचा पुरावा? मला तो पुरावा वाटतो. आणि आपल्यावर सोपविलेले कामही. हे लेख मराठी-कोकणीतून घरोघरी पोचविणे त्यांना साधले नाही, ते आपल्याला करता येण्याजोगे आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्या विद्यार्थ्याला पुन्हा बोलावले. म्हटले, “बाळ, नाव मिळते तेव्हा आपल्याला कोणी विचारीत नाही. कुन्हा यांनी ते नाव टाकले नाही. त्याच नावाने सही करून त्यांनी आपल्या लोकांसाठी लिहिले आणि त्याच नावाने तुरुंगात गेले.” मुलगा क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “सर, ते पुस्तक मला वाचावयास द्याल?”

मी दिले. अजून त्याने परत केलेले नाही, आणि मीही मागितलेले नाही.