हाड, वेळ आणि ऊन



दरवर्षी पावसाळा सुरू झाला की आमच्या शाळेत दोन-चार मुले तरी हात गळ्यातल्या झोळीत अडकवून वर्गात येतात. कोणी शेवाळलेल्या पायरीवरून घसरलेला असतो, कोणी भिंतीवरून उडी मारलेली असते. गोकुळाष्टमीनंतर लालबाग-परळकडच्या मुलांची त्यात भर पडते. वर्गमित्र पांढऱ्या प्लॅस्टरवर सह्या करतात आणि तो विद्यार्थी मोठ्या ऐटीत सांगतो, "डॉक्टरांनी हाड जोडलं!"

पण मित्रांनो, विचार करा. हाड खरोखर कोण जोडतो? हाडवैद्य? डॉक्टर? प्लॅस्टर? इतिहास चाळून पाहिला तर उत्तर मिळते ते असे की, हाड हाडच जोडते. माणसाच्या हाती तीन गोष्टी आहेत. हाडाला सरळ ठेवणे, त्याला पुरेसा वेळ देणे आणि ते मुळातच बळकट होईल असे अन्न, व्यायाम व ऊन त्याला पुरवणे. पहिल्या दोन गोष्टी माणूस फार पूर्वी शिकला. तिसरीचा, विशेषतः उन्हाचा, धडा मात्र अलीकडचा आहे आणि तो आपल्या नाशिक शहरातही गिरवला गेला आहे. तो आपल्या घरांशी, आपल्या मुलींशी संबंधित असल्यामुळे हा लेखनप्रपंच.

जुन्यांचे शहाणपण

सुश्रुतसंहितेत हाड मोडण्याचे बारा प्रकार आणि सांधा निखळण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. वड, पिंपळ, उंबर, पळस यांच्या साली व बांबू यांचा आधार देऊन मोडलेला अवयव बांधावा, असे तेथे म्हटले आहे. पट्टी फार सैल बांधली तर हाड स्थिर राहत नाही आणि फार घट्ट बांधली तर सूज, वेदना व पू होतो, असा इशाराही आहे. थंडीच्या दिवसांत सात दिवसांनी, तर उन्हाळ्यात तीन दिवसांनीच पट्टी बदलावी, इतका बारकावा त्या वैद्यांनी पाहिला होता.

दहाव्या-अकराव्या शतकात कुर्तुब्याजवळ राहणाऱ्या अल-जहरावी यांनी 'अल-तसरीफ' हा तीस भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या शेवटच्या, शस्त्रक्रियेवरील भागात मोडलेली हाडे व निखळलेले सांधे यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. इब्न सिना यांच्या 'कानून'मध्येही हा विषय विस्ताराने येतो. हे ग्रंथ लॅटिनमध्ये गेले आणि युरोपच्या विद्यापीठांत कित्येक शतके शिकवले गेले.

परंतु माझ्या मते विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावा असा माणूस म्हणजे अब्दुल लतीफ अल-बगदादी. इ. स. १२०० च्या सुमारास इजिप्तमध्ये भीषण दुष्काळ पडला. माणसे मेली, सांगाडे उघड्यावर पडले. त्या काळी ग्रीक वैद्य गॅलन याचा शब्द अंतिम मानीत आणि खालचा जबडा दोन हाडांचा असतो, असे गॅलनने लिहून ठेवले होते. अल-बगदादी यांनी दोन हजारांहून अधिक कवट्या स्वतः पाहिल्या. खालचा जबडा प्रत्येक वेळी एकच अखंड हाड! पुस्तकापेक्षा डोळ्यांनी पाहिलेला पुरावा अधिक विश्वासाचा, असे त्यांनी निर्भयपणे लिहिले. गुरूचा आदर ठेवूनही त्याचे विधान तपासता येते, हा धडा केवळ हाडांपुरता नाही.

प्लॅस्टरची कथाही पूर्वेकडूनच सुरू होते. इंग्रज वाणिज्यदूत विल्यम ईटन याने १७९८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात, बसऱ्याकडे मोडलेल्या पायाभोवती जिप्सम ओतून साचा करण्याची पद्धत असल्याचे नमूद केले आहे. पुढे १८५१-५२ च्या सुमारास मॅथायसेन या डच लष्करी सर्जनने कापडी पट्टीत जिप्समची पूड भरली. पट्टी भिजवून गुंडाळली की काही मिनिटांत घट्ट! आज इस्पितळात बांधतात ते प्लॅस्टर म्हणजे त्याच पट्टीचे सुधारलेले रूप होय. १८९५ साली राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि कातडीच्या आतले हाड प्रथमच, न कापता, दिसू लागले.

हाड कसे सांधते

हाड म्हणजे निर्जीव दगड नव्हे. त्यात रक्त खेळते आणि जुने हाड पोखरणाऱ्या व नवे रचणाऱ्या पेशी जन्मभर कामात असतात. हाड मोडले की प्रथम तेथे रक्त साकळते आणि सूज येते. ही सूज म्हणजे दुरुस्तीची पहिली हाक. दोन-तीन आठवड्यांत दोन टोकांमध्ये कुर्चेसारखा मऊ सांधा तयार होतो. पुढील काही आठवड्यांत त्यात कॅल्शियम व फॉस्फरस यांचे क्षार भरत जातात आणि सांधा कठीण होतो. त्यानंतर महिनोन्महिने, कधी काही वर्षे, शरीर जादा भाग तासून हाडाला पूर्वीचा आकार देत राहते. सुतार जसा आधी लाकूड जोडतो आणि मग रंधा फिरवतो, तसेच हे काम.

लहान मुलाच्या मनगटाजवळचे हाड चार ते सहा आठवड्यांत सांधते. प्रौढ माणसाच्या नडगीला तीन-चार महिने, क्वचित त्याहूनही अधिक लागतात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याचे हाड उशिरा सांधते, कारण तंबाखूमुळे हाडाचा रक्तपुरवठा आकसतो. घरातील वडीलमंडळींनी हे वाक्य कृपया दोनदा वाचावे.

गिरणगावातील हाडवैद्य आणि इस्पितळे

परळ-लालबागेत गिरण्या भरात असताना गल्लोगल्ली तालमी होत्या. निखळलेला खांदा, लचकलेला पाय वस्तादांकडे किंवा हाडवैद्याकडे जाई. त्यांच्या बोटांना पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता, तो नाकारण्याचे कारण नाही. मात्र बोटांना आतले दिसत नाही. हाडाचे टोक रक्तवाहिनीवर दाबते आहे की काय, हे क्ष-किरणांशिवाय व तपासणीशिवाय कळत नाही. आणि बांबूच्या कामट्या कचकचून आवळल्या तर रक्त अडते. अशा बंधनामुळे हाताचे स्नायू मरून बोटे पंजासारखी कायमची आखडतात, याचे वर्णन जर्मन सर्जन फोल्कमान याने १८८१ सालीच केले होते. सुश्रुताचा इशाराही हाच नव्हता काय?

म्हणून पालकहो, पट्टी वा प्लॅस्टर कोणीही बांधलेले असो, बोटे थंड पडली, निळसर वा पांढरी झाली, बधिर झाली, किंवा वेदना कमी होण्याऐवजी वाढतच गेली, तर सकाळची वाट न पाहता मुलाला इस्पितळात न्यावे. येथे काही तासांचा उशीरही हात घालवू शकतो.

सुदैवाने आपल्या शहराला मोठ्या इस्पितळांची परंपरा आहे. भायखळ्याचे जे. जे. १८४५ चे. परळचे के.ई.एम. १९२६ चे. त्याच्याशी जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयासाठी शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी पैसा दिला तो तेथे भारतीय डॉक्टरच नेमावेत, या अटीवर. कारण तोवर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात भारतीयांना मानाच्या जागा मिळत नसत. भोवती गिरण्यांची वस्ती असलेले हे इस्पितळ पुढे कामगारांचा मोठा आधार झाले.

नाशिकचा धडा

आता तिसऱ्या गोष्टीकडे वळू. मुडदूस हा रोग आपल्या आजी-नानींना चांगला ठाऊक होता. मुलाचे पाय धनुष्यासारखे वाकतात, मनगटे जाड होतात, छातीचा पिंजरा बदलतो. मोठ्या बायकांत हाच रोग हाडे मऊ करतो. कंबर दुखते, चाल डुलती होते आणि कटीचे हाड दबल्यामुळे बाळंतपण जिवावर बेतते. कारण काय, यावर विसाव्या शतकाच्या आरंभी डॉक्टरांत मोठा वाद होता. कोणी आहाराला दोष देत, कोणी कोंदट हवेला.

१९२१-२२ साली हचिसन नावाच्या डॉक्टरांनी पटेल व शहा या सहकाऱ्यांसह नाशिक भागातील आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. आढळले ते सर्वांना चकित करणारे होते. खाऊन-पिऊन सुखी, पण पडद्यात व बंद घरात राहणाऱ्या कुटुंबांत हा रोग होता. मुसलमान घरांत होता, तसाच पडदा पाळणाऱ्या उच्चवर्णीय हिंदू घरांतही होता. उलट, भाजी-भाकरीवर दिवस काढून दिवसभर शेतात राबणाऱ्या गरीब बायका-मुलांत तो दिसत नव्हता. फरक धर्माचा नव्हता, जातीचा नव्हता, ताटाचाही नव्हता. फरक उन्हाचा होता.

त्याच सुमारास कोडे सुटू लागले. १९१९ साली बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की याने मुडदूस झालेली मुले अतिनील किरणांच्या दिव्याखाली बरी होतात, असे दाखवले. १९२२ साली अमेरिकेत मॅककॉलम याने कॉड माशाच्या तेलातील ज्या घटकाने मुडदूस बरा होतो त्याला 'ड' जीवनसत्त्व असे नाव दिले. हेच जीवनसत्त्व आपली कातडी उन्हात स्वतः तयार करते. ते नसेल तर दुधातले कॅल्शियम आतड्यांतून नीट शोषलेच जात नाही.

आपल्या मुंबईतही उजेडाचा झगडा जुना आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी आग्रह धरला की, इमारतीची जेवढी उंची, त्याच्या निदान निम्मी मोकळी जागा खिडकीसमोर असावी, म्हणजे तळमजल्यावरही आकाश दिसेल. त्यांच्या डोळ्यांसमोर प्लेग व क्षय होते, हाडे नव्हती. पण उजेड आत यावा हा विचार योग्यच होता.

आणि आज? के.ई.एम.च्या डॉक्टरांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २५ ते ३५ वयाचे अकराशेहून अधिक धडधाकट स्त्री-पुरुष तपासले गेले. त्यांतील सुमारे ७० टक्के लोकांत 'ड' जीवनसत्त्व कमी आढळले. बारा महिने ऊन असलेल्या शहरात ही स्थिती! म्हणजे शंभर वर्षांपूर्वी पडद्याने जे केले ते आज कार्यालये, शिकवणीवर्ग आणि मोबाईल करीत आहेत, तेही मुलगे-मुली दोघांच्या बाबतीत.

एका आईचे उदाहरण

हाड सांधले किंवा रोग हटला तरी काम संपत नाही. निजून राहिलेला अवयव पुन्हा चालता करावा लागतो. या बाबतीत आपल्या मुंबईच्या फातेमा इस्माईल यांचे नाव घेतलेच पाहिजे. लेकीला पोलिओ झाला तेव्हा नशिबाला दोष देत न बसता त्यांनी व्यायामाचे उपचार शोधून काढले आणि १९४७ साली मुंबईत अशा मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केले. हाजी अलीच्या मुलांच्या अस्थिरोग इस्पितळाची मुळे त्या कार्यात आहेत. १९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, पुढे त्या राज्यसभेच्या सदस्यही झाल्या. २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, तो असंख्य लोकांच्या अशाच चिकाटीमुळे. प्लॅस्टर निघाल्यावर सांगितलेला व्यायाम कंटाळून सोडणाऱ्यांनी या माऊलीची आठवण ठेवावी.

आपण काय करावे?

हाडांची पुंजी बहुतांशी विशीपर्यंत साठते आणि तिशीच्या आसपास पूर्ण होते. त्यानंतर खर्चच अधिक. स्त्रियांत पाळी बंद झाल्यावर हा खर्च फार वेगाने होतो, म्हणून म्हातारपणी साध्या पडण्याने खुब्याचे हाड मोडते. तेव्हा शाळेतली वर्षे हीच साठवणुकीची. दूध, दही, तीळ, हिरवा पाला रोजच्या जेवणात असावा. नाचणीची भाकरी ही गरिबाची नव्हे, शहाण्याची भाकरी आहे. काट्यासह खाल्ली जाणारी बारीक मासळीही कॅल्शियम देते, आणि हे आपल्या कोकणी घरांना सांगणे नलगे. धावणे, उड्या, दोरी, कबड्डी यांनी हाडांवर भार येतो आणि भाराने ती घट्ट होतात.

उन्हाबद्दल एक गैरसमज दूर व्हावा. अगदी कोवळ्या उन्हात 'ड' जीवनसत्त्व घडवणारा किरण फार थोडा असतो आणि खिडकीच्या काचेतून तर तो येतच नाही. साधारण अकरा ते तीन या वेळेत, उन्हाळ्यातील कडक तडाखा टाळून, हात व चेहरा उघडे ठेवून थोडा वेळ बाहेर असणे उपयोगी. सावळ्या कातडीला त्यासाठी गोऱ्या कातडीहून जास्त वेळ लागतो. जेथे पडदा पाळला जातो तेथे घराची गच्ची, आतले अंगण, शाळेचे बंदिस्त मैदान येथे ही सोय मर्यादा राखूनही होऊ शकते. तीही शक्य नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी, मनाने मात्र घेऊ नये, कारण अतिरेकही घातक असतो.

शेवटी एवढेच सांगायचे की, मुलगा खेळायला गेला तर आपण त्याला अडवत नाही. मुलीला मात्र "घरात बस" असे सहज म्हणतो. तिच्या पोटी उद्याची पिढी जन्मणार आहे आणि त्या पिढीची हाडे प्रथम तिच्याच शरीरातून कॅल्शियम घेणार आहेत. तिला वही-पुस्तक आपण आनंदाने देऊ लागलो आहोत. आता तिला मैदान आणि रोजचे थोडे ऊनही द्या.