तळटीप १४ : कळंब येथील ‘डावा ब्लॉक’

१४. कळंब : पुणे–नाशिक रस्त्यावरचे, आंबेगाव तालुक्यातले, धाराशिव वा यवतमाळ जिल्ह्यातले नव्हे. ‘डावा ब्लॉक’ म्हणजे लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक. हृदयाच्या डाव्या जवनिकेकडे विद्युत्-संदेश नेणारी शाखा बंद पडली, की संदेश उजवीकडून स्नायूंतून वळसा घेत उशिरा पोचतो. ईसीजीच्या आलेखात क्यूआरएस (जवनिकांच्या विद्युत्-संदेशाची लहर) रुंद होतो (१२० मिलिसेकंद वा अधिक) आणि हृदयविकाराचा झटका नसतानाही एसटी रेषा (क्यूआरएसनंतरचा भाग) सरकलेली दिसते. म्हणजे झटक्याची नेहमीची खूणच इथे निरुपयोगी. ‘पट्टीवरून काही सांगता येत नाही’ हे डॉक्टरांचे उत्तर त्यामुळे टाळाटाळीचे नाही. अशा ब्लॉकमध्येही झटका ओळखण्याचे एलेना स्गारबोसा यांचे निकष १९९६चे, प्रस्तुत प्रसंगानंतरचे. एसटी क्यूआरएसच्याच दिशेने १ मिलिमीटर वा अधिक उचललेली असल्यास ५ गुण, छातीवरच्या व्ही१ ते व्ही३ लीडमध्ये तितकीच खाली असल्यास ३, उलट दिशेने ५ मिलिमीटर वा अधिक उचललेली असल्यास २. एकूण ३ झाले की झटका धरून चालतात. गुण कमी भरले म्हणून झटका नाही, असे मात्र म्हणता येत नाही; बरेच झटके या चाळणीतून निसटतात. शेवटचा निकष सर्वांत कच्चा. २०१२मध्ये स्टीफन स्मिथ व सहकाऱ्यांनी त्याजागी एसटीच्या उंचीचे एस लहरीच्या खोलीशी २५ टक्क्यांचे प्रमाण सुचवले.