झिजलेले इंजिन आणि बाटलीतला उपाय

१/ जुन्या गाडीचा पिक-अप जातो, सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो, गाडी ऑइल खाऊ लागते. मेकॅनिक सांगतो, ‘कॉम्प्रेशन गेले आहे, इंजिनाचे काम काढावे लागेल.’ त्याच वेळी दुकानातील एक बाटली ‘ऑइलमध्ये ओता, इंजिन पूर्ववत होईल’ असे आश्वासन देत असते. या आश्वासनाचा इतिहास उद्बोधक आहे. #थ्रेड

२/ प्रथम यंत्र समजून घेऊ. पिस्टन वर सरकताना सिलिंडरमधील वायू दाबतो. पिस्टनभोवतीच्या रिंगा, सिलिंडरची भिंत आणि त्यांमधील ऑइलचा पातळ थर हा दाब अडवून धरतात. हा अडसर कमकुवत झाला की वायू खाली निसटतो आणि ऑइल वर चढून जळते. व्हॉल्व्ह नीट बसत नसतील, तरीही दाब जातो.

३/ रिंगांपाशी दाब निसटण्याची मुख्य कारणे दोन. काजळीमुळे रिंगा आपल्या खाचेत चिकटून बसतात, ही घाण. रिंगांचा वा भिंतीचा धातूच घासला जातो, ही झीज. पुढचा सारा इतिहास या दोन शब्दांतील अंतराचा आहे.

४/ घाणीवर औषध सापडले, आणि ते खरे होते. १९३० च्या दशकात अमेरिकेत कॅटरपिलर कंपनीच्या डिझेल ट्रॅक्टरांच्या रिंगा वारंवार चिकटत. स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्नियाने १९३५ मध्ये ‘डेलो’ हे ऑइल आणले. त्यात मिसळलेले ॲल्युमिनियमचे संयुग काजळी साचू देत नसे.

५/ आज बहुतेक इंजिन ऑइलमध्ये असे डिटर्जंट पदार्थ मुळातच असतात. म्हणजे ऑइलमधील मिश्रणाने कॉम्प्रेशन टिकते, हे विधान निराधार नाही. मात्र तेथे रिंग मोकळी राहिली. गेलेला धातू परत आला नव्हता.

६/ झिजेबाबत मेकॅनिकांची एक जुनी चाचणी बोलकी आहे. स्पार्क प्लग काढून गेजने दाब मोजायचा, मग त्याच छिद्रातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजायचा. दाब लक्षणीय वाढला, तर दोष रिंगांत वा सिलिंडरमध्ये. न वाढल्यास संशय व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटवर.

७/ ऑइलने दाब वाढतो, पण थोड्या वेळापुरता. मेकॅनिकच्या लेखी ते निदान होते. बाजाराने त्याच परिणामाला उपचार म्हणून विकले.

८/ सर्वांत गाजलेले उदाहरण ‘एसटीपी’. १९५० च्या दशकात मिसुरी राज्यात जन्मलेले हे द्रव्य अँडी ग्रॅनाटेली यांनी मोटारशर्यतींतून घरोघरी पोहोचवले. १९६९ ची ‘इंडियानापोलिस ५००’ शर्यत मारिओ आंद्रेत्ती यांनी ग्रॅनाटेलींच्या संघाकडून जिंकली. परंतु शर्यतीचे निगुतीने बांधलेले इंजिन झिजलेल्या इंजिनाविषयी काय साक्ष देणार?

९/ १९७१ मध्ये ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक मासिकाने लक्षात आणून दिले की एसटीपी मुख्यतः ऑइल दाट करते. दाट ऑइलने खडखड कमी होते, धूरही काहीसा घटतो. म्हणून समाधानी ग्राहक खोटे बोलत होते असे नाही. त्यांचा अनुभव खरा होता. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. साधनचिकित्सा शिकणाऱ्याने हा भेद मनात कोरून ठेवावा.

१०/ पुढे प्रश्न पुराव्याचा झाला. एसटीपीमुळे ऑइलचा खप घटतो, या दाव्यामागील रस्ता-चाचण्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अविश्वसनीय ठरवल्या. १९७८ च्या तडजोडीत कंपनीला ५ लाख डॉलर दंड भरावा लागला आणि आणखी २ लाख डॉलर खर्चून या निर्णयाची जाहिरात स्वतःच वृत्तपत्रांत द्यावी लागली!

११/ १९९६ मध्ये पाळी ‘स्लिक ५०’ची आली. टेफ्लॉन या व्यापारी नावाने परिचित असलेला पदार्थ त्यात होता. इंजिन सुरू होताना होणारी झीज आपण रोखतो, असा दावा होता. शिफारस केलेले साधे ऑइल बहुतेक इंजिनांना तेवढे संरक्षण देतेच, असे कमिशनने म्हटले. १९९७ मध्ये तडजोड झाली आणि पुराव्यावाचून असे दावे करण्यास बंदी आली.

१२/ मग उत्तर काय? रिंगा केवळ चिकटल्या असतील, तर डिटर्जंटने काही दाब परत मिळू शकतो. झिजलेल्या सिलिंडरला मात्र बोअरिंग आणि मोठ्या मापाचे पिस्टन हाच टिकाऊ इलाज. जळलेल्या व्हॉल्व्हवर कोणतीही बाटली चालत नाही.

१३/ हा विषय क्षुल्लक वाटेल, पण अशा बाटलीचा ग्राहक कोण असतो ते पाहावे. ज्याला नवी गाडी परवडते, त्याला तिची गरज नसते. ती घेतो तो इंजिनाचे काम काढण्याची ऐपत नसलेला माणूस; चुकीच्या आशेवर त्याचे पैसेही जातात आणि दुरुस्तीची वेळही. म्हणूनच दावा सिद्ध करण्याचा भार विकणाऱ्यावर हवा, विकत घेणाऱ्यावर नव्हे. या साऱ्या खटल्यांचे सार तेवढेच. (समाप्त)